न फुटलेला टायर

त्यांना सगळे हिसकेमास्तर म्हणत. सरळ धावपट्टीवर दोन-दोन गाड्या सुसाट सोडायच्या, अशा त्या हौशी शर्यती. धावण्याआधी प्रत्येक गाडी मास्तरांच्या पत्र्याच्या शेडमधून जायची. बॅटरी, सीटचा पट्टा, पेट्रोलचा पाइप, हाताला लागेल त्याला ते हिसका देत. महिनाभर खपून सजवलेल्या गाडीची अब्रू एका हिसक्यात जायची.

"हा पट्टा आहे की लेंग्याची नाडी?" असं पूर्वी ते हसून विचारत. धाकटा भाऊ याच धावपट्टीवर अपघातात गेला आणि हसणं संपलं. रडूही आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची सोयच होती.

आज शेडमध्ये भावाचीच गाडी आली, दुरुस्त होऊन, नव्या रंगात. चालवणार पुतणी.

"काका, नापास करायचा विचार दिसतोय."

विचार होताच. मास्तरांनी प्रत्येक गोष्टीला दोन-दोन हिसके दिले. काहीही तसूभर हललं नाही. पेडल सोडलं की टक्कन जागेवर येत होतं. खोटी खोट काढणं त्यांच्याच्याने होईना. त्यांनी काचेवर पास झाल्याचा हिरवा कागद चिकटवला.

"चला, चाकं बदलते," म्हणत ती गेली.

सगळे तेच करत. रस्त्याच्या चाकांवर पास व्हायचं आणि मग बाहेर शर्यतीची मऊ चाकं चढवायची. ती कोणी तपासत नसे. भावानेही तशीच चढवली होती. नट बोटांनी फिरवले, तेवढ्यात नंबर पुकारला आणि गडी तसाच निघाला. निखळलेलं चाक मास्तरांनीच उचलून आणलं होतं. वहिनीला मात्र त्यांनी टायर फुटला म्हणून सांगितलं. गेलेल्या माणसाला कोणी गबाळा म्हणू नये, एवढाच हेतू.

रांगेतल्या गाड्या तशाच सोडून मास्तर उठले. बाहेर पुतणीने चाकं चढवून जॅक काढलाही होता. कर्ण्यावरून तिचा नंबर पुकारला जात होता.

"नट आवळ."

"आवळलेत की!"

"बोटांनी. तुझ्या बाबानेही बोटांनीच आवळले होते."

हेल्मेट चढवता चढवता ती थांबली. "टायर फुटला होता ना?"

"नाही. ते मी सांगितलं. चाक निखळलं."

हेल्मेट त्यांच्या हातात देऊन तिने पाना उचलला आणि सगळं वजन टाकून एकेक नट आवळला. कर्णा पुढच्या गाडीचा नंबर पुकारू लागला. ती ओरडेल, असं मास्तरांना वाटलं होतं. शेवटच्या नटाला हिसका देऊन ती उठली.

"बाबाचे ते टायर आईने घ्यायला लावले होते, काका. नवे कशाला, वापरलेले चालतील म्हणाली होती. अजून ती टायरच्या दुकानावरून जात नाही."

मास्तरांनी हातातलं हेल्मेट तिच्यापुढे धरलं.

"संध्याकाळी घरी या. तिला तुम्हीच सांगा," म्हणत तिने हेल्मेट घेतलं.

मास्तर बरं म्हणाले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना रडू आलं.