संगिनीवरचा पिवळा नंबर

साल २०१८. मले एकाहत्तरावं लागलं होतं, स्टील प्लांटातून रिटायर होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती.

प्लांटात मी टूल रूममध्ये होतो. पाना असो का हातोडी, आलेल्या प्रत्येक वस्तूवर मी पिवळ्या रंगानं नंबर टाकायचो. ज्या वस्तूवर नंबर नाही ती कोणाचीच नाही, संध्याकाळपर्यंत गायब. शाळा माझी चौथीतच सुटली, पण नंबरात माझी चूक कोणी काढली नाही. घरी मी जुने फौजी चाकू जमवले, काही खुर्सीपारच्या भंगार घेणाऱ्या कबाड्यांकडून, काही रिटायर फौजींच्या घरून. संगिनी, खुकऱ्या, दोरीची गाठ सोडवायचा टोचा असलेले घडीचे चाकू. सगळ्यांच्या मुठीवर तसाच पिवळा नंबर टाकला. आणखी कसा टाकणार?

रायपूरचा एक फोटोवाला जुन्या हत्यारांचं पुस्तक काढून राहिला होता. फोटोखाली माझं नाव छापतो म्हणाला. मले तेवढंच पाहिजे होतं. जन्मभर लोकांनी मले भंगार जमवणारा म्हटलं, त्यात सगळ्यात पुढे माझा धाकटा भाऊ.

पण फोटोवाल्याले चाकूंच्या आजूबाजूला त्या काळचं फौजी सामान मांडायचं होतं, आणि ते होतं भावाकडे. तो फौजेतून हवालदार होऊन आला, कुरुदले घर बांधून राहिला. आई गेली तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी काही निरोप पाठवला नाही. फोटोवालाच कुरुदले गेला, आणि सामान आणायले गेलेला माणूस सामानवाल्यालेच घेऊन आला.

जुनवानीच्या माझ्या घरात, बैठकीत, भाऊ आपल्या ट्रंकेवर बसला. चहाले हात लावला नाही. मुठी पाहून हसला. माझ्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून फोटोवाल्याले म्हणे, "साहेब, यायले विचारा, हे चाकू आहे का पाने?"

मीही फोटोवाल्यालेच सांगितलं. "फौजेत यालेही नंबर दिला होता. तेव्हा नाही लाजला हा."

फोटोवाल्यानं संगीन उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. "अंकल, ये तो आपने खराब कर दिया." मग थिनर आहे का विचारलं, पुसून टाकू म्हणे. थिनर घरात होतं. मी नाही म्हटलं आणि संगीन त्याच्या हातातून काढून घेतली. नंबर राहतील, नाही तर फोटो नाही.

"मग झाकून टाका ना साहेब," भाऊ म्हणाला, आणि ट्रंक उघडली.

कांबळं अंथरलं, चारी कोपरे ताणून. फौजेत साहेब तपासायले येते तेव्हा सामान जसं एका ओळीत मांडतात, तसं मांडलं. लोखंडी टोप, इनॅमलचा मग, खाकी कापड चढवलेली पाण्याची बाटली. आणि माझ्या एकेका मुठीवरून त्याचा एकेक फौजी पट्टा. फोटोवाला खूश. मी कॅमेऱ्यात डोकावलो तर माझी नुसती पाती दिसत होती, बाकी सगळा हवालदार.

खाली आता दोघांचं नाव टाकू का, फोटोवाल्यानं विचारलं.

भाऊ म्हणे, "एकच टाका. भंगारवाल्याचं नाव कोण वाचते?"

मी कांबळ्याचं एक टोक धरलं आणि ओढलं. टोप गडगडत दारापर्यंत गेला. चाकू माझे मी उचलले, एकेक नंबर पाहून. भाऊ पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलला, "तू मरशील तं हे सगळं कबाड्याकडेच जाईल."

"तुले तं नाही ना भेटणार," मी म्हटलं.

त्यानं होतं तेवढं ट्रंकेत कोंबलं आणि निघाला. फोटोवाला त्याच्या मागं. पुस्तक पुढं निघालं, त्यात माझं नाव नाही. नाही तर नाही.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू मारताना बायकोले दिवाणाखाली भावाची पाण्याची बाटली सापडली. कुरुदले पोचवून द्या म्हणे. मी रंगाचा डबा उघडला, वाळलेला ब्रश थिनरमध्ये मऊ केला, बाटलीच्या बुडाले पुढचा नंबर टाकला आणि वाळायले खिडकीत ठेवली.