पत्र्यातला गवई

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात सेल्मोचं तोंड फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्याचा गळा निम्म्या गावाला ठाऊक होता. बाजारात मासळीवालीशी घासाघीस करत तो उभा राहिला, तर ती त्याला दुसऱ्या कुठल्याही वाळक्या गिऱ्हाइकासारखीच हाकलायची. पण एखाद्या बँकेतली नाहीतर दवाखान्यातली छताची जाळी भर सकाळी गायला लागली, की खुर्च्यांवरच्या पोरी माना वर करायच्या. “आला गं मानोंग सेल्मो. कागदं झाका, आता धूळ पडंल.” मानोंग म्हणजे थोरला दादा. एखादीची फर्माईशही वर जायची, आणि सेल्मो ती मोडत नसे.

त्याचं काम मात्र गाण्याचं नव्हतं. एसीचे डक्ट साफ करायचं होतं. तिगबाउआनच्या भातखाचरात वाढलेला हा गडी अंगानं कळकाच्या काठीसारखा. दोन हात पुढं ताणून, पोटावर सरकत, डोक्याला दिवा आणि नाकाला फडकं बांधून तो पत्र्याच्या नळीत शिरायचा आणि ब्रशनं खरवडत पुढं जायचा. आतून काय काय निघायचं. गोधडीसारखी जाड धूळ, उंदरांची बाळंतपणं, झुरळांच्या टरफलांचे ढीग. एका वकिलाच्या घरातून बायकी चप्पल निघाली, तेव्हा वकिलीणबाई तिच्याकडं बराच वेळ बघत बसल्या आणि सेल्मोनं घाईनं झाकण लावून घेतलं होतं. दुसऱ्या कंपन्यांची पोरं ज्या वळणावर अडकायची, तिथून सेल्मो मांजरासारखा निघायचा. त्याचं सगळं मोठेपण त्याच्या कमरेत होतं, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

डक्टच्या तोंडाशी त्याच्या बहिणीचा नवरा पोल्दो असायचा. आकारानं असा, की दारात उभा राहिला तर घरात दिवा लावावा लागावा. सेल्मो बाहेर आला, की धूळ ओढणारा मोठा ब्लोअर पोल्दो लावायचा. त्या ब्लोअरच्या बोंबलण्याशेजारी त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. दोघं एकमेकांना बायाव म्हणायचे. मेव्हण्या-मेव्हण्यात तिकडं तीच हाक. सेल्मो आत असताना पोल्दोचं काम एकच, ऐकत राहायचं.

गाण्याची रीत तिथूनच आलेली. आतला माणूस गातोय म्हणजे त्याचा श्वास चाललाय. गाणं थांबलं की बाहेरच्यानं हाक मारायची, हाकेला ओ आली नाही की पत्रा उघडायचा. आणि आतला अडकला तर त्यानं ओरडायचं नाही. छतातून माणूस ओरडला की खाली बाया किंचाळतात, गार्ड पिस्तुलाला हात घालतो आणि गिऱ्हाईक मालकिणीला फोन करतं. म्हणून दोघांनी ठरवलेलं होतं. सेल्मोनं नाचाचं गाणं सोडून अंगाई धरली, म्हणजे बायाव, मला बाहेर काढ.

एवढ्या वर्षांत अंगाई म्हणायची वेळ त्याच्यावर मोजकीच आली होती. मग नव्या मॉलमधलं काम आलं.

मॉलचा डक्ट बाहेरून नेहमीसारखाच पत्र्याचा, पण आतून त्याला काळ्या फोमचं अस्तर होतं, पत्र्याची थरथर मरावी म्हणून. अस्तर धरून ठेवायला जागोजाग पिना मारलेल्या. पोल्दोला गच्चीवरच्या तोंडाशी ठेवून सेल्मो गात गात बराच आत गेला. दाताच्या दवाखान्याच्या वर त्याच्या पाठीचं कापड दोन पिनांत घुसलं. पुढं सरकला तर घट्ट झालं, मागं सरकला तर फोमचा बोळा पोटाखाली गोळा झाला. हात पुढं ताणलेले, ते पाठीकडं वळवायला जागा नाही. मिनिटभर त्यानं बूड हलवून बघितलं, पिनांना आणि पिना मारणाऱ्याच्या आईबापांना शिव्या दिल्या आणि अंगाई सुरू केली.

पोल्दोची ओ आली नाही.

सेल्मोनं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरली, जरा मोठ्यानं. घाम डोळ्यांत उतरला. फडक्याच्या आत हवा गरम झाली. त्याच्या तोंडाखालीच दवाखान्याची जाळी होती. तिच्या फटींतून त्याला खालची बाकं दिसत होती आणि बाकांवरची माणसं मोठ्या कौतुकानं वर बघत होती. एका बाईच्या मांडीवरचं रडकं पोर झोपी गेलं. “किती गोड गळा आहे,” ती शेजारणीला म्हणाली. एका माणसानं सुजलेला गाल धरून टाळ्या वाजवल्या.

सेल्मोनं अंगाई तिसऱ्यांदा धरली. तेव्हा कोपऱ्यात कवळी दुरुस्त करायला आलेली म्हातारी, लोला सेपा म्हणजे सेपा आजी, नर्सला म्हणाली, “ए इंदाय, ए पोरी, ह्यो माणूस भर दिवसा कुणाला निजवतोय? ह्या गाण्यात आवाज असा थरथरत न्हाई. प्यालाय तरी, न्हाईतर अडकलाय. बघ की जरा.”

नर्सनं गार्डला सांगितलं. गार्ड धापा टाकत गच्चीवर गेला आणि सेल्मोला नळीतून त्याचे शब्द अगदी कानाशी बोलल्यासारखे ऐकू आले: “अहो मानोंग, तुमचा माणूस आत कवापासनं गातोय. इथं तर लख्ख ऐकू येतंय.”

मग पोल्दोचा घाबरा आवाज आला. “बायाव? आरं बायाव?”

पत्रा कापून सेल्मोला बाहेर काढलं, तेव्हा त्याची पाठ सोलवटली होती आणि डोकं त्याहून तापलं होतं. त्यानं नाकावरचं फडकं काढून पोल्दोच्या अंगावर फेकलं.

“झोपला हुतास?”

“कुणाची शपथ घिऊ सांग. डोळ्याला डोळा लागला न्हाई माझा.”

“मग तुझी आजी ऐकणार हुती का अंगाई?”

“तू म्हणालाच न्हाईस,” पोल्दो म्हणाला. “तू गप हुतास. मला वाटलं आलास पार त्या टोकाला.”

हे तो इतक्या सरळ तोंडानं म्हणाला, की सेल्मोची पुढची शिवी तोंडातच राहिली. गार्ड तर म्हणाला होता, लख्ख ऐकू येतंय.

दुपारी दोघं गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत जेवायला बसले. भात, सुका मासा आणि सेल्मोच्या बायकोनं, लूर्दिंगनं, बांधून दिलेलं डुकराचं कालवण. पोल्दो पाठमोरा बसून काटे काढत होता. सेल्मो रोजच्या आवाजात बोलला, “बायाव, तुझ्या विजारीत मुंगळे शिरलेत.”

पोल्दो काटे काढत राहिला.

“बायाव, नेनिता त्या खाटकाबरोबर पळून गेली.” नेनिता म्हणजे पोल्दोची बायको, सेल्मोची सख्खी बहीण.

पोल्दोनं मासा चोखला, काटा टाकीमागं भिरकावला आणि वळून म्हणाला, “लूर्दिंगनं मीठ जास्त घातलंय आज.”

सेल्मोनं डबा झाकला. दुसऱ्या दिवशी त्यांचं काम जुन्या बंदरी कचेरीत होतं. तिथला डक्ट जुना, नुसता पत्रा, बोट लावलं तरी वाजणारा. सेल्मो आत शिरला, थोडा पुढं गेला आणि तोंड बंद केलं. एक सूर काढला नाही. नुसती बुटाची टाच पत्र्यावर ठेक्यात वाजवत राहिला, गाताना ती आपोआप वाजायची तशी. मान तिरकी करून काखेतनं मागं बघितलं, तर उजेडाच्या चौकोनात पोल्दो दिसत होता. त्याचा तळहात पत्र्यावर होता, गरोदर बाईच्या पोटावर सुइणीनं ठेवावा तसा. त्याची मान ठेक्यावर हलत होती.

“आज काय आवाज लागलाय, बायाव,” पोल्दो आत तोंड घालून खुशीत ओरडला. “तुझ्या पोरवयात बी असा लागला न्हाई.”

सेल्मो तसाच पडून राहिला. टाच मात्र चालू ठेवली, थांबवली असती तर कालच्या धसक्यानं पोल्दोनं पत्रा फाडला असता. म्हणजे हे असं चाललं होतं. कान गेले तसा पोल्दो समोरच्याच्या ओठांवरून आणि पत्र्यावरच्या हातानं ऐकायला शिकला होता, किती वरसं कुणास ठाऊक, आणि सेल्मोचा जीव त्या तळहाताच्या भरवशावर शहरभर सरपटत होता. फोमच्या अस्तरानं टाचेचा ठेका गिळला, तेव्हा कुठं हे उघडं पडलं. आणि आता नवी बांधकामं सगळी फोमचीच होती.

घरी त्यानं लूर्दिंगला सांगितलं. तिनं हातातला डाव खाली ठेवला.

“मालकिणीला सांगा,” ती म्हणाली. “आत्ता जाऊन सांगा. उद्या तुम्ही आत मेलात, तर तो तळहात पत्र्यावर ठिऊन डोलत बसंल.”

“सांगितलं तर त्याला काढतील.”

“काढू देत.”

“मग खाईल काय? साठीचा हत्ती, त्यात ठार बहिरा. नेनिताच्या पदरात बसंल दिवसभर.”

“आणि माझ्या पदरात काय पडंल त्याचं?”

पोल्दोशीच बोलावं, असंही सेल्मोच्या मनात आलं. पण नेनिता कधी काही बोलली नव्हती, म्हणजे पोल्दोनं हे बायकोपासनंसुद्धा लपवलं होतं. जो माणूस तळहातानं ऐकायला शिकतो, पण मला ऐकू येत नाही एवढं म्हणत नाही, त्याच्या तोंडावर ते कसं फेकायचं? आणि दुसरा कुणी गडी तोंडाशी उभा करा म्हणावं, तर मालकीण पहिल्यांदा हेच विचारणार, पोल्दोला काय झालं?

सकाळी तो माम सायच्या कचेरीत गेला. माम साय म्हणजे त्यांच्या कंपनीची मालकीण, बापाच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून वर आलेली चिनी बाई, चष्म्यावरून बघायची.

“काय सेल्मो? पाठ कशी आहे?”

“पाठ बरी आहे, माम. पण मी आता आत जात न्हाई.”

“का?”

सेल्मोनं टोपी हातात फिरवली. “जाड झालोय.”

माम सायनं चष्म्यावरून त्याला बघितलं. पन्नाशीनंतर त्याला मूठभर पोट आलं होतं, हे खरं. बाकी अंगावरचा सदरा अजून खुंटीला लावल्यासारखाच लोंबत होता.

“जाड,” ती म्हणाली.

“कंबर रुंद झाली, माम. परवा मॉलमदी त्याच्यानंच अडकलो. लूर्दिंग डुकराचं लई घालती.”

“आणि पोल्दो? तो तर बाहेरच होता.”

“पोल्दोनं काय करायचं? तो हुता म्हणून निघालो.” सेल्मोनं लगेच पुढचं काढलं. “त्यो फिरता ब्रश असतोय न्हवं, माम, लांब तारेवरचा, कॅमेऱ्याचा, बाहेरनं चालवायचा. दुसऱ्या कंपन्यांनी घेतलाय. त्याला एक ढकलणारा आणि एक वडणारा लागतो. दोगंबी बाहेर. कुणी कुणाचं ऐकायला नको.”

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला वाटलं, मेलो. माम सायनं खिडकीतून अंगणात बघितलं. तिथं गाडीत पाइप चढवत असलेल्या पोल्दोला मागून ड्रायव्हर हाक मारत होता, पुन्हा पुन्हा मारत होता, आणि शेवटी त्यानं जाऊन त्याचा दंड धरला.

“कंबर वयानं रुंद होते,” माम साय म्हणाली. “माझ्या भावाचीही झाली.” आणि तिनं फोन उचलून ब्रशची चौकशी करायला सुरुवात केली.

मशीन आलं. सेल्मो तार ढकलायचा, पोल्दो ओढायचा, समोरच्या छोट्या पडद्यावर आतली धूळ दिसायची. काम चांगलं व्हायचं. बँकेतल्या पोरींनी दोन-चारदा वर बघून विचारलं, मानोंग सेल्मो कुठं गेला? त्यांच्या शेजारीच शिडी धरून उभा असलेला सेल्मो म्हणाला, “जाड झाला तो.” पोरी हसल्या आणि कामाला लागल्या.

शहरभर तीच गोष्ट झाली. दुसऱ्या कंपन्यांची पोरं बाजारात त्याच्या पोटाकडं बोट दाखवायची. “काय मानोंग, कितवा महिना?” पहिले काही दिवस सेल्मो खाली मान घालून पुढं जायचा. एकदा त्यानं घरी एकट्यानं लूर्दिंगची कपडे मापायची फीत कमरेला लावून बघितली आणि बायको आत आल्यावर खिशात कोंबली.

फेब्रुवारीत शहरातल्या हारो भागाच्या जत्रेला पोल्दोच्या घरी सगळं गोत जमलं. अंगणात आख्खं डुक्कर भाजून ठेवलेलं. पोल्दो यजमान, बिअर पोटात गेलेली, आवाज चढलेला. बहिऱ्याचा आवाज तसाही चढाच. तो पाहुण्यांना मॉलची गोष्ट सांगत होता.

“डक्ट हा एवढा, आणि ह्याचं ढुंगण हे एवढं,” तो हातांनी मापं दाखवत म्हणाला. “मी बाहेरनं ऐकतोय. गाणं थांबलं. म्हटलं, काहीतरी बिनसलं. दिली हाक, पळवला गार्ड, फाडला पत्रा. मी नसतो तर आज ह्याच्या नावानं मेणबत्ती लावायची पाळी हुती.”

पाहुणे हसले. लूर्दिंगचं नाक लाल झालं. तिनं तोंड उघडलं तशी सेल्मोनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि नवऱ्याकडं असं बघितलं, की घरी गेल्यावर ह्याचा हिशोब होणार, हे तिथल्या कुत्र्यालाही कळावं.

पोल्दोनं सेल्मोच्या पुढ्यातली खमंग कातड्याची थाळी उचलून आपल्याकडं ओढली. “तुला न्हाई हे. तुझ्यापायी आमचं गाणं गेलं.” आणि मग, जरा खालच्या आवाजात, म्हणजे बाकीच्यांच्या रोजच्या आवाजात, म्हणाला, “लई वाटतं रं मला. आत तू गायचास, बाहेर मी ऐकायचा. किती बरं हुतं.”

सेल्मो उठला. टेबलाला वळसा घालून पोल्दोच्या डाव्या अंगाला, ज्या कानात अजून थोडं शिल्लक असावं असं त्याला वाटायचं तिथं, तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला, “व्हय बायाव. माझंच चुकलं, लई खाल्लं.”

“आता कसं बोललास,” पोल्दो म्हणाला. त्यानं थाळीतला सगळ्यात कुरकुरीत तुकडा शोधला, मोडून अर्धा केला आणि सेल्मोच्या तोंडात कोंबला.