जामिनावरचा दीर

खुनाच्या आरोपीलाही जामीन मिळतो, हे मला धाकटा दीर पिशवी घेऊन आमच्या पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या दारात उभा राहिला तेव्हा कळलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वणीकडच्या आमच्या गावात सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून मारामारी झाली आणि डोक्यात दांडका बसून शेजारचा शेतकरी गेला. दांडका कोणाच्या हातात होता यावर सगळं अडलेलं. पोलिसांनी दिराचं नाव घातलं होतं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही, दर सोमवारी ठाण्यात हजेरी, या अटींवर कोर्टानं त्याला सोडलं. जामीन राहिले माझे यजमान. दिरानं अट मोडली तर तो पुन्हा आत, आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला हे.

मला लोक संशयी म्हणतात. म्हणोत. घरात दोन मुली वाढत होत्या. मी दिराच्या वकिलांनाच विचारलं, "साहेब, त्यानंच मारलं असेल तर?"

"ते कोर्ट ठरवील. तोवर काय आत कुजवायचा त्याला? शिक्षा आधी आणि निकाल मागून?" मग त्यांनी मलाच बजावलं, "आणि हो, त्या दिवसाबद्दल घरात त्याला अवाक्षर विचारायचं नाही. उद्या तुम्हालाच कोणी साक्षीला ओढायचं."

म्हणजे खुनाचा आरोपी जेवू घालायचा, पण खून केलास का, एवढंच विचारायचं नाही! तो पाणी भरी, अंगण झाडी, मुलींचे पाढे घेई. भाकरी मोडताना मी त्याचे हात बघत बसे. इतका गुणी माणूस असतो का कुठे? "कुठेतरी पाणी मुरतंय," मी यजमानांना म्हणायची. ते म्हणायचे, "माझा भाऊ आहे तो." जसं काही खुनी माणसांना भाऊच नसतात.

पुढे तो दुपारचा गायब व्हायला लागला. विचारलं की "गंगेवर गेलतो, वहिनी." एकदा मीही पिशवी उचलली आणि मागोमाग गेले. गोदाकाठच्या भाजीबाजारात कोबीच्या ढिगाआड तो उकिडवा बसला होता. समोर आमच्या गावचा म्हातारा, मारामारी डोळ्यांनी पाहिलेला एकुलता एक साक्षीदार. म्हातारा रडत होता आणि दिराचा हात त्याच्या खांद्यावर होता. तो धीर देत होता की दम, मला आजही सांगता येणार नाही.

"भाऊजी, घरी चला," मी म्हटलं.

"गावाची खुशाली इचारत होतो वहिनी. दुसरं काय नाय."

"खुशाली सांगताना माणूस रडतो?"

तो पुढे चालू लागला.

यजमानांना सांगितलं तर ते माझ्यावरच उखडले. "तोंड उघडलंस तर त्याचा जामीन जाईल." मी तोंड उघडलं नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून मुली अभ्यासाला शेजारी जाऊ लागल्या, आणि त्यात काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

यथावकाश खटला चालला. म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "लय गर्दी व्हती साहेब. कोणी मारलं ते नाय दिसलं." दीर निर्दोष सुटला. यजमानांनी आळीभर पेढे वाटले. माझ्या वाटचा पेढा मी तसाच डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावाला निघाला. यजमान रिक्षा बघायला गेले होते. त्यानं वाकून मला नमस्कार केला.

"लय सांभाळलं वहिनी तुम्ही. पण एकदा तरी इचारायचं व्हतं."

"वकिलांनी मना केलं होतं."

"वकिलाचं काय. घर तुमचं व्हतं."

"मग आता विचारते. तुम्हीच मारलं का?"

त्यानं पिशवी खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या.

"तेव्हा इचारलं असतं," तो म्हणाला, "तर खरं सांगितलं असतं."