स्टोअरकाकूंचे टॅग

एखादं पुस्तक सगळ्यांना आवडलं, की स्टोअरकाकूंना त्याचा संशय यायचा. "दहाच्या दहा जण खूश? म्हणजे दहाही जणांनी पेंगत वाचलंय," असं म्हणून त्या ते रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर सारायच्या. वर, सहज हाताला लागतील अशी, भांडणाची पुस्तकं. ज्याच्यावरून दोन माणसं आठवडाभर एकमेकांशी धड बोलली नाहीत, ते पुस्तक काकूंच्या लेखी पहिल्या नंबरचं.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपाचे भाग बनवणारा कारखाना आहे. काकू तिथं स्टोअर सांभाळायच्या. मी क्वालिटी विभागात नवी लागले तेव्हा त्यांची वीस वर्षं उलटून गेली होती. हजेरीपटावर त्यांचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण मॅनेजरपासून कॅन्टीनमधल्या पोळ्या लाटणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना स्टोअरकाकूच म्हणत. माहेर नांदगावचं, घर नाशिकरोडला जेलरोडवर, आणि आवाज असा खणखणीत की मशीन चालू असतानाही पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जावा. बेअरिंगच्या खोक्यांमागं एका लोखंडी रॅकवर त्यांची स्वतःची दोन-अडीचशे पुस्तकं होती. कुणीही यावं, घेऊन जावं. अट एकच, परत आणताना पुस्तकाला टॅग बांधायचा.

टॅग म्हणजे कारखान्यात मालाला बांधतात तीच दोरीची पुठ्ठ्याची चिठ्ठी. हिरवा टॅग म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे पुन्हा काम करायचं, लाल म्हणजे बाद. काकूंनी तो कायदा जसाच्या तसा पुस्तकांना लावला होता. हिरवा आवडलं म्हणून, पिवळा पुन्हा वाचावं लागेल म्हणून, लाल पटलं नाही म्हणून. खाली नाव आणि कारण. कारणात 'छान' हा शब्द चालत नसे. "छान तर कॅन्टीनचा चहासुद्धा असतो. तू कुठं अडलास ते लिही," असं म्हणून त्या भल्याभल्यांना माघारी पाठवायच्या. काही पुस्तकांना इतके टॅग लोंबत असायचे की ती उघडायची कशी हाच प्रश्न पडे.

पहिले सहा महिने मी सगळ्याच पुस्तकांना हिरवे टॅग बांधले. काकूंची पुस्तकं, त्यांना नावं कशी ठेवायची, असं मला वाटायचं. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "अगं, तू क्वालिटीत आहेस ना? तिकडंही सगळा माल असाच डोळे मिटून पास करतेस का?" मला ते चांगलंच झोंबलं. मी घरी जाऊन त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक पुन्हा वाचलं, एका खेड्यातल्या डॉक्टरच्या आठवणींचं, आणि त्याला लाल टॅग बांधला. लिहिलं, 'या माणसाला जगाची दया येते, फक्त बायकोची येत नाही.' काकूंनी ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं आणि पुस्तक रॅकवर ठेवून दिलं. मी दिवसभर धास्तावलेली. संध्याकाळी बसमध्ये त्यांनी शेजारची सीट थोपटून मला बसवलं आणि नाशिकरोड येईपर्यंत माझ्याशी कडाकडा भांडल्या. शाळा-कॉलेजात मी पुष्कळ वाचलं होतं, पण माझ्या वाचण्याची कुणी दखल घेतली असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

कंपनीची बस हा खरा वाचकांचा अड्डा होता. नाशिकच्या द्वारका चौकातून निघायची, नाशिकरोडला भरायची आणि शिंदे-पळसे मागं टाकून मोहदरीचा घाट चढेपर्यंत कुणाचं तरी कुणाशी वाजलेलं असायचं. ड्रायव्हर जगनभाऊ तेवढे गप्प असत. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, तर काकू त्यातून दोन दिवसांत बाहेर पडल्या. तिथं सगळे नुसते अंगठे टाकत. "अंगठाच उठवायचा होता तर शाळेत कशाला घातलं तुम्हाला?" असं त्यांनी भर बसमध्ये विचारलं. मग ग्रुपवर वाढदिवसाचे केक तेवढे उरले.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते पोस्टमनच्या कादंबरीवरून. बायको सोडून गेलेला एक पोस्टमन असतो. वीस वर्षांनी तिचं पत्र येतं आणि तो ते न उघडता चुलीत टाकतो, एवढीच गोष्ट. काकूंनी पहिला लाल टॅग बांधला. 'भित्रा माणूस. लिहिणारीचा विचार कुणी करायचा?' त्यांच्या मागोमाग आणखी तिघांचे लाल. हिरवा एकच, पेंट शॉपच्या भालेरावांचा. त्यांनी लिहिलं होतं, 'जन्मभर ज्याने लोकांची पत्रे पोचवली, त्याला एक पत्र न उघडण्याचा हक्क आहे.' यावर काकू आणि भालेराव अख्खा उन्हाळा भांडले. पुढच्या वर्षी भालेराव हृदयविकारानं गेले. काकूंनी ते पुस्तक त्यानंतर वर्षभर कुणाला दिलं नाही.

मग नवे मॅनेजर आले. परदेशी गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार होती आणि साहेबांनी बजावलं, की स्टोअरमध्ये कंपनीबाहेरची एक वस्तू दिसता कामा नये. काकूंनी पुस्तकं खोक्यांत भरली आणि एका दिवसापुरती लाल जाळीत ठेवली. लाल जाळी म्हणजे बाद मालाचा पिंजरा. तिथं कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, हा त्यांचा हिशोब. पाहुणे आले, गेले, कुणाला काही दिसलं नाही. काकू खुशीत दोन दिवसांची रजा टाकून भाच्याच्या लग्नाला नांदगावला गेल्या. खोकी बाहेर काढायची मात्र त्या साफ विसरल्या. जाळीत असलेला आणि लाल टॅग दिसणारा माल आठवड्याच्या गाडीनं भंगारात जायचा, हा नियम त्यांनीच घातलेला. भंगाराची गाडी आली. गाडीवरच्या पोरांनी खोक्यांतून डोकावणारे लाल टॅग बघितले आणि खोकी चढवली. दुसऱ्या कुणाचीच चूक नव्हती, चूक होती ती काकूंचीच.

रजेवरून आल्यावर रिकाम्या जाळीपाशी काकू मटकन खाली बसल्या. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, पुस्तकं पुन्हा घेता येतील." त्या म्हणाल्या, "पुस्तकं मिळतील गं. बारा वर्षं लोक काय काय बोलले ते कुठं मिळणार? भालेरावांचं अक्षर मी कुठून आणू?" जगनभाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "बस रिकामीच उभी हाय. चला." पन्नास माणसांच्या बसमधून आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या वखारीकडं निघालो.

वखारीत शिरताच तिथला माणूस म्हणाला, की कागदाची गाडी सकाळीच पेपर मिलला गेली. काकूंनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. तेवढ्यात आत शेडमध्ये मला आमची खोकी दिसली. शेजारी खाटेवर वखारीचे मालक कोंडाजीनाना चष्मा लावून, मांडीवर पुस्तक घेऊन बसले होते.

"ही खोकी मीच थांबवली," नाना म्हणाले. "टॅग बघितले आन् म्हनलं, कारखान्याचा माल चुकून आला असंल. वाचाया लागलो तं हे निराळंच. ह्या पोस्टमनच्या पुस्तकाला चार लाल आन् एक हिरवा. चौघांना एकटा भिडतोय त्यो कोन गडी, म्हनून पुस्तक उघडलं. मी सातवी शिकलेलो, लय हळू वाचतो. दोन दिस झाले, वजनाच्या काट्यावर बी बसलो नाय." मग त्यांनी चष्मा काढला. "ह्या भालेरावाला भेटायचं हाय मला. कधी येऊ?"

काकूंनी सांगितलं, की भालेराव आता नाहीत. नानांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मंग त्याच्या बाजूनं आता कोन बोलनार? मला तं त्याचंच पटलंय." काकू रडल्या. आनंदानं रडल्या असं मी छातीठोक सांगते, कारण मीही रडत होते आणि मला माझं माहीत आहे.

खोकी बसमध्ये घालून आम्ही कारखान्याच्या गेटवर आलो, तर वॉचमन अडून बसला. बाद म्हणून बाहेर गेलेला माल साहेबांच्या सहीशिवाय आत घ्यायचा नाही. हाही नियम काकूंचाच. साहेब आले. पाळी बदलायची वेळ झालेली, येणारे आणि जाणारे दोन्हीकडचे लोक थांबून बघू लागले. काकू म्हणाल्या, "साहेब, चूक माझी आहे, तसं लिहून देते. पण हा माल बाद नाही, तो आत येणार." साहेबांनी एक खोकं उघडलं, दोन-चार टॅग वाचले, गर्दीकडं बघितलं आणि सही केली. "स्टोअरमध्ये नको. कॅन्टीनमध्ये ठेवा, सगळ्यांना दिसेल असं." मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. गणपती आणावेत तशी लोकांनी ती खोकी हातोहात आत नेली. ज्यांनी आयुष्यात पुस्तक धरलं नव्हतं, त्यांनीही एकेक खोकं धरलं. तो रॅक आज कॅन्टीनच्या दर्शनी भिंतीला आहे.

गेल्या वर्षी काकू निवृत्त झाल्या. कॅन्टीनमध्ये शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण, सगळं रीतीप्रमाणं झालं. काकूंच्या आमंत्रणावरून कोंडाजीनाना धुवट पांढरे कपडे घालून आले होते. साहेबांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. नाना उठले आणि म्हणाले, "भाषन मला येत नाय. मी भालेरावाच्या बाजूनं आलोय. बाई, तिनं त्याला वीस वरीस वाट बघाया लावली. त्यानं एक पत्र उघडलं नाय तं त्यो भित्रा?"

अंगावरची शाल तशीच, हातात नारळ, आणि काकू उभ्या राहिल्या. "नाना, ती माफीच मागत असली तर?" "मागंल की. पन ऐकायची सक्ती हाय का?" मग पेंट शॉपवाले उठले, पॅकिंगच्या बायका उठल्या, कॅन्टीनमधल्या मावशी लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. वादात कधी न पडणारे जगनभाऊसुद्धा म्हणाले, की नसलेल्या बायकोची आठवण काढत वीस वर्षं काढणं काय असतं हे मला विचारा. तेव्हा काकूंनी रॅकवरून पोस्टमनचं पुस्तक काढलं, त्यावरचा आपला लाल टॅग सोडवला आणि त्या जागी पिवळा बांधला. "हे मी परत वाचणार," त्या म्हणाल्या. "भालेराव असते तर आज पेढे वाटले असते त्यांनी." नानांनी दोन्ही हात जोडले, आणि कॅन्टीनमध्ये अशा टाळ्या झाल्या की साहेबांच्या भाषणाला झाल्या नव्हत्या.

त्या दिवशी बस वीस मिनिटं उशिरा सुटली. घाटातही वाद, पळशालाही वाद. काकूंचा घसा बसला, पण त्या थांबल्या नाहीत. बिटको चौकात त्या पुस्तक काखेत मारून उतरल्या, ते जगनभाऊंना काहीतरी ऐकवतच. बस पुढं दत्तमंदिरापाशी आली तेव्हा त्यांचा नारळ मला सीटवर दिसला. आणि मग एकेकाला आठवत गेलं, की काकूंना निरोप द्यायचा राहूनच गेला. खुद्द काकूही तो घ्यायला विसरल्या होत्या. कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही. द्वारका येईपर्यंत आम्ही भांडत राहिलो.