भरतीला किती वेळ

खाडीला भरती लागली की तो माणूस मला अजून आठवतो. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची नातवंडं आज मानाने राहतात.

दारूबंदी नवी होती आणि मी ठाण्याला फौजदार होतो. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत हातभट्ट्या लागत. दर काही दिवसांनी आमच्या चौकीच्या खिडकीत एक चिठ्ठी सापडे : कोलशेतच्या अंगाला अमुक बांधामागे भट्टी आहे. खबर कधी खोटी निघाली नाही. पण ओहोटीला होडी चिखलात रुतते, म्हणून भरतीची वाट पाहायची आणि तोवर पंच गोळा करायचे, अशी आमची रीत. आम्ही पोचायचो तेव्हा भट्टीवाले पसार झालेले असत. हाती लागायची पिंपं, काळा गूळ आणि शुद्ध हरपलेला एक माणूस. तीन छाप्यांत तोच सापडला आणि दर वेळी दंडावर सुटला. तो मिठागरावरचा जुना मुकादम होता.

हा भट्टीचा राखणदार, असं आमच्या जमादारांचं ठाम मत होतं. मलाही तेच वाटे. चौथ्या वेळी तो शुद्धीवर आल्यावर मी त्याला समोर बसवलं.

"मालक कोण?"

"म्हाईत नाय."

दोन तास हेच चाललं. कोपऱ्यात जप्त केलेला डबा होता, त्याचा वास खोलीभर पसरला होता. दारुड्याची नजर बाटलीवर असते असं लोक म्हणतात. हा मात्र स्टूल फिरवून डब्याकडे पाठ करून बसला होता. हे जमादारांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं, कारण मी स्वतः बंदीआधी रोज संध्याकाळी घेत असे. नोकरीपायी सुटली, पण मनातून सुटली नव्हती. मुद्देमालाच्या खोलीत नोंदी तपासायच्या निमित्ताने मी गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळत असे, हे आता लिहायला हरकत नाही.

शेवटी जबाबाचा कागद पुढे केला. मुकादमकी केलेला माणूस, त्याने अंगठा न लावता सही केली. अक्षर ओळखीचं वाटलं. मी खणातून चिठ्ठ्या काढून शेजारी ठेवल्या. अक्षर एकाच हाताचं होतं.

"चिठ्ठ्या तू टाकतोस?"

"हां."

"मग तिथे जाऊन पितोस कशाला?"

त्याने चिठ्ठ्या एकीवर एक नीट रचल्या. मग म्हणाला, "भट्टी मोडलेली डोल्यांनी बगाची असते, साहेब. म्हनून जाऊन बसतो. तुमी येता भरतीला. तवर वास येतो."

जमादार खो खो हसले. मला हसू आलं नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. सहा वर्षं त्याने थेंब घेतला नव्हता. पुतणीच्या हळदीला देवापुढे दारूची वाटी ठेवली गेली आणि घरातला वडीलधारा म्हणून ती त्याने चाखायची वेळ आली. देवाचा प्रसाद, नाही कसं म्हणणार? त्या एका घोटापाठोपाठ चार वर्षं गेली. मुकादमकी गेली. बायको मुलीला घेऊन डोंबिवलीला भावाकडे गेली. "ती भाकर भाजाची तवा बांगड्या वाजाच्या," तो म्हणाला. "त्यो आवाज घरात नाय."

पिऊन सापडल्याची शिक्षा या वेळी टळण्यासारखी नव्हती. ती भोगून आल्यावर महिन्याभरात तो चौकीत हजर झाला. या वेळी चिठ्ठी खिडकीत न टाकता त्याने हातात दिली.

मी म्हणालो, "खबर दिलीस, आता खाडीवर जायचं नाही. आमची होडी परत येईपर्यंत त्या बाकावर बस."

तो खाडीकडे पाठ करून बसला. त्याने बाकाची कड घट्ट धरली होती. थोड्या थोड्या वेळाने विचारी, "साहेब, भरतीला किती वेळ?"

"तासभर," मी दर वेळी तेवढंच सांगे.

छाप्याला मी जमादारांना पाठवलं आणि स्वतः त्याच्याशेजारी बसून राहिलो. त्या भट्टीची मलाही ओढ होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पुढे तो खबर नसतानाही येऊ लागला. "आज नुसता बसतो," म्हणे. मध्ये दोनदा घसरला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी खाली मान घालून बाकावर आला. मी शेजारी जाऊन बसलो. दोन वर्षं अशी गेली.

मग एक दिवस तो मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आला. "हळदीला बी या. माज्या बाजूला बसा."

मी साध्या कपड्यांत डोंबिवलीला गेलो. देवापुढे झाकलेली वाटी होती. दारूबंदीत तो गुन्हाच, पण त्या दिवशी मी पाहुणा होतो आणि पाहुण्याने घरातलं सगळं पाहायचं नसतं. मेहुण्याने वाटी उचलून त्याच्यापुढे धरली. मागे त्याची बायको हळदीचं ताट घेऊन उभी होती. घर सोडून गेल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

त्याचा हात पुढे होऊन अर्ध्यात थांबला. तो माझ्याकडे वळला. "साहेब, भरतीला किती वेळ?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून ती बोलली. आमच्या बाकाची हकीकत तिच्या कानावर गेली असावी. "बसा इथंच. भरती झाली का मी सांगन." तिने भावाच्या हातातली वाटी घेतली आणि तुळशीच्या मुळाशी ओतली. देव रागावल्याचं कोणाला दिसलं नाही.

नोकरीत मी पुष्कळ शपथा ऐकल्या. जन्मभराची शपथ घेणारे महिन्याभरात पुन्हा कोठडीत दिसत. हा माणूस तासाच्या पुढचं कधी बोलला नाही आणि अखेरपर्यंत टिकला. मी त्याच्याकडून तेवढंच शिकलो. पेन्शन घेतल्यावर नोकरीचा पहारा उरला नाही. बायको होती तोवर तिला कळेल ही भीती होती, आता तीही नाही. संध्याकाळी ओढ अजून लागते. मग मी अंगणातल्या बाकावर बसतो, त्याची कड धरतो आणि स्वतःलाच सांगतो, तासभर.