पंप गेला नांदेडला

माझ्या घरात माणूस एक आहे आणि भांडी घासायचं मशीन बारा जणांचं.

हे मशीन, म्हणजे डिशवॉशर, माझ्या लेकीनं, शुभानं, आणून बसवलं. सुनंदा, माझी बायको, गेली त्याच्या पुढच्या वर्षी. शुभा नांदेडला बँकेत आहे. लातूर ते नांदेड म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, सकाळी एस.टी.त बसलं की माणूस जेवायला तिकडे. पण बँक, पोरांच्या शाळा, सासर, ह्या सगळ्यांतून सुटका होईल तेव्हा ती येणार, म्हणजे सणावारी. "पप्पा, नांदेडला चला" हे तिचं पालुपद आणि "मी नाही येत" हे माझं. शेवटी तह झाला. तहाचं कलम एकच: मी एकटा नीट राहून दाखवायचं. घरात काही बिघडलं, तुंबलं, जळलं, की लातूरच्या घराला कुलूप आणि मी नांदेडच्या हॉलमधल्या दिवाणावर. (दिवाण चांगला आहे. पण दिवाणावर बसलेला म्हातारा पाहुणाच असतो, कितीही वर्षं बसला तरी.)

आता एका माणसाची भांडी ती किती? मशीन काही भरायचं नाही. मग मी मशीन भरण्यासाठी जेवायला लागलो. भाजीला एक वाटी, वरणाला दुसरी, लोणच्याला वेगळी बशी, दर चहाला नवा कप. तरी भरेना, तेव्हा सुनंदानं पाहुण्यांसाठी म्हणून जपून ठेवलेला स्टीलचा सेट मी उगीचच धुवायला टाकायचो. खरं सांगतो, मला ते मशीन चालू असलेलं आवडायचं. आत कोणीतरी पाणी ओततंय, ताटं आपटतंय, असा आवाज यायचा. मी खुर्ची ओढून शेजारी पेपर वाचत बसायचो. एक-दोनदा त्याला बातमी मोठ्यानं वाचून दाखवल्याचंही आठवतं.

पाण्याची उधळपट्टी म्हणाल, तर थांबा. आमच्याकडे आठवड्यातून एकदा नळ आला तरी गल्लीत लग्नघरासारखी धावपळ असते. मशीनमधून निघालेलं पाणी गटारात जाताना बघणं मला शक्यच नव्हतं. मी त्याच्या मागच्या पाइपाला दुसरा पाइप जोडला, तो खिडकीतून बाहेर काढला आणि बाथरूमच्या छपरावर एक ड्रम चढवून त्यात सोडला. ड्रम वर, नळी खाली, संडासाला पाणी आपोआप! ही योजना मला आंघोळ करताना सुचली (अर्धी बादली, तांब्यानं) आणि मी स्वतःवर फार खूश झालो. मशीनच्या पोटातला पंप पाणी फार तर ओट्याइतकं वर ढकलू शकतो, हे सोबतच्या पुस्तकात चित्र काढून दाखवलं होतं. पण ते पुस्तक दाराशी गोदावरी असलेल्या लोकांसाठी असणार, असं मी धरून चाललो.

पंपानं बिचाऱ्यानं बरेच दिवस काढले. मग मे महिन्यातल्या एका सकाळी मशीन मध्येच थांबलं. पोटात खरकटं पाणी, वर लाल दिवा. आणि नेमका त्याच दुपारी शुभाचा फोन.

"पप्पा, रविवारी यायले मी. सगळं बरंय ना घरात?"

"एकदम."

"मशीन?"

"चालू आहे की. आवाज येत नाही का तुला?" असं म्हणून मी तोंडानं थोडा आवाजही काढला.

फोन ठेवल्यावर कंपनीला फोन लावला. तिथली बाई फार गोड आवाजात म्हणाली, आमचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल. पुढच्या आठवड्यापर्यंत मी नांदेडला दिवाणावर असणार होतो. म्हणून मी शेजारच्या शिवलिंगआप्पांना हाक मारली. आप्पा निलंग्याकडचे. त्यांचा जन्म शेतातल्या बोअरच्या मोटारी वर काढण्यात आणि परत खाली सोडण्यात गेलेला.

"आप्पा, ह्यातलं काही कळतं का तुम्हाला?"

"पंप म्हंजे पंप असतोय ओ. बोअरचा काय अन् भांड्याचा काय," आप्पा मशीनवर थाप मारून म्हणाले. "ह्यानं हवा धरलीय."

"मग?"

"वरून पाणी ओता. हवा निघंल."

आधीच भरलेल्या मशीनमध्ये आम्ही आणखी पाणी ओतलं. हवा निघाली की नाही माहीत नाही. पाणी मात्र निघालं, ते खालून, आणि स्वयंपाकघर ओलांडून हॉलमध्ये सोफ्याखाली गेलं. तेही वाया जायला नको म्हणून आम्ही दोघं म्हातारे फडक्यानं टिपून बादलीत पिळत बसलो. मग आप्पांनी मशीन आडवं पाडलं, बूड उघडलं आणि पंप बाहेर ओढला. मुठीएवढा होता आणि जळका वास येत होता.

"एवढुसाच?" आप्पा तो हातात फिरवत म्हणाले. "अन् ह्यो छपरावर पाणी चढवत व्हता?"

त्यांच्या आवाजात आदर होता.

तसला पंप लातुरात मिळेना. जो तो दुकानदार म्हणे, नांदेडला मिळेल. म्हणजे जिच्यापासून लपवायचं, तिच्याच गावात जाऊन आणायचा. दुसऱ्या दिवशी मी पहिली एस.टी. पकडली आणि नांदेडला उतरताना रुमालानं तोंड बांधलं. मे महिन्यात आमच्याकडे अर्धं गाव तोंड बांधूनच फिरतं, त्यामुळे कोणी वळूनही पाहिलं नाही. पंप मिळाला. खोका अगदी मिठाईच्या खोक्याएवढा, दुकानदारानं तो पेपरात गुंडाळून वर सुतळी बांधून दिला. परत येताना ऑटोवाल्यानं रस्ता बदलला आणि ऑटो बरोब्बर शुभाच्या बँकेपुढून गेली. तिची स्कूटी बाहेर लावलेली होती, सीटवर सगळं ऊन. उतरून जरा सावलीला लावावी असं फार वाटलं. पण उतरलो नाही.

बसस्टँडवर फलाटावर उभा राहून कंडक्टरला "लातूर का?" एवढंच विचारलं आणि मागून आवाज आला.

"जय भीम, पाव्हणे. तुमी हितं?"

विहीणबाई! शुभाच्या सासूबाई. हदगावला भावाकडे गेल्या होत्या, त्या आत्ताच गाडीतून उतरत होत्या. मी तोंडावरचा रुमाल तसाच ठेवून जय भीम घातला.

"आवाजावरून वळखलं म्या," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन आलात?"

"नाही, म्हणजे एक लग्न होतं इथं. उन्हाचं. म्हणजे दुपारचं. घाईत आहे. शुभाला सांगू नका, तिला वाईट वाटेल."

त्यांची नजर माझ्या हातातल्या खोक्यावर गेली. आता आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. लेकीच्या सासरच्या गावात बापाच्या हातात पेपरात बांधलेला खोका असेल, तर तो दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. रिकाम्या हातानं यायचं नसतं आणि आणलेलं परत न्यायचं नसतं.

"आता हे कशाला आणलं उगी?" असं म्हणत विहीणबाईंनी खोका माझ्या हातातून घेतला. हातात तोलून पाहिला. "लई वजनदार हाय. पेढे का?"

तेवढ्यात मला खरं बोलता आलं असतं. पण व्याह्यानं विहीणबाईंच्या हातातून खोका हिसकावून घेऊन "हा तुमचा नाही" म्हणायचं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी केलेलं नाही.

"हाव," मी म्हणालो.

कंडक्टरनं बेल मारली. मी लातूरच्या गाडीत चढलो आणि पंप लेकीच्या घरी गेला.

वाटेतलं अहमदपूर येईपर्यंत मी डोक्याला हात लावून बसलो होतो. लोकांनी पंपासाठी एवढा प्रवास केला असेल, पण पंप तिथंच ठेवून येण्यासाठी मी एकटाच. घरी पोचलो, आडवं पडलेलं मशीन ओलांडून आत गेलो आणि फोन समोर ठेवून बसलो. दिवेलागणीला तो वाजला.

"पप्पा, पेढे पोचले," शुभा म्हणाली.

"हं."

"सगळे हात धुऊन बसलो होतो. पोरं, हे, आत्या. आत्यांनी स्वतः सुतळी सोडली." (सासूबाईंना ती आत्या म्हणते.)

"हं."

"पप्पा, पेढ्याला वायर असते का?"

मग मी सगळं सांगितलं. लाल दिवा, आप्पा, हवा, रुमाल, सगळं. ती आधी हसत होती. "ऑटो तुझ्या बँकेपुढूनच गेली," मी सांगितलं. "तुझी स्कूटी उन्हात होती बघ. सावलीला लावत जा."

तिचं हसू थांबलं.

"म्हंजे माझी स्कूटी बघितली तुम्ही," ती म्हणाली. "अन् मला न भेटता गेलात."

फोन चालूच होता, मागे नातवंडांचा दंगा ऐकू येत होता, तेवढा ऐकत बसलो.

रविवारी ती एकटीच आली. पर्समध्ये पंप. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण तिनं चप्पल काढली, ओढणी कमरेला खोचली आणि मोबाइलवर पंप बसवायचा व्हिडिओ लावून सरळ फरशीवर मांडी घातली.

"टॉर्च धरा पप्पा. तिथं नाही, इथं. पप्पा, तुमच्या डोळ्यांत काय धरायलात, मला दिसू द्या."

कुंपणावरून आप्पांनी मान आत घातली. "हवा निघाली का?"

"निघाली आप्पा," शुभा वर न बघता म्हणाली. "आता पाणी ओतू नका फक्त."

पंप बसला. मशीन उभं केलं, चालू केलं, आत पाणी खळखळलं आणि मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. घरात दोन माणसं आणि चालू मशीन, कितीतरी दिवसांनी. पण शुभा पाइपाचा माग काढत खिडकीशी गेली, तिथून बाहेर वाकली आणि मान वर करून बघत राहिली.

"पप्पा, हा ड्रम छपरावर कशाला?"

"पाणी वाया जातं गं."

"मग खाली बादली ठेवायची ना. पंप जळणार नाही तर काय होईल?"

"नांदेडवाल्यांना नाही कळायचं ते," मी म्हणालो. ती हसली, आणि मीही हसलो. ड्रम आम्ही दोघांनी मिळून खाली आणला, खिडकीखाली ठेवला.

चहा घेताना मी तयारीत होतो. आता ती "पप्पा, बस झालं, नांदेडला चला" म्हणणार आणि मी "नाही" म्हणणार. चार मुद्दे काढून ठेवले होते. ती कप संपवून म्हणाली, "पप्पा, आता मी तुम्हाला चला म्हणणार नाही."

"का गं?"

"एवढ्या उन्हात तोंड बांधून आलात, बँकेपुढून गेलात, अन् तसेच परत. ह्या घरातून हलावं लागू नये म्हणून. मग मी कशाला ओढू तुम्हाला? राहा इथंच. मी पुन्हा विषय काढायची नाही."

रागानं म्हणाली नाही. अगदी समजुतीनं म्हणाली. म्हणजे मी जिंकलो होतो. घर माझं, मशीन चालू, दिवाणाचं संकट टळलेलं. आणि मला एकदम रडू यायला लागलं. मला जायचं नव्हतंच हो. पण कोणीतरी "चला" म्हणत राहावं एवढं मला पाहिजे होतं, आणि ते मी माझ्याच हातानं बंद पाडलं होतं.

तिला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "काही बिघडलं तर मला फोन करा. दुकान शोधत हिंडू नका." मी मान हलवली. बस वळून गेली.

घरी आलो आणि एकेक वस्तू तपासायला घेतली. फ्रिज उघडला, थंड. मिक्सर फिरवला, छान फिरला. पंखा, टीव्ही, इस्त्री, कशालाही काही धाड भरलेली नाही. मशीनही मजेत चालू. शेवटी फोन लावला.

"पोचलीस का?"

"पप्पा, अजून अहमदपूर पण आलं नाही. काय झालं?"

"काही नाही. ते आपलं गिझर. पाणी कमी तापायलंय वाटतं. येऊन बघतेस का?"

एस.टी.च्या खडखडाटातून तिचा आवाज आला.

"पप्पा, मे महिना चालू आहे. टाकीतलंच पाणी चटके द्यायलंय. गिझर कशाला लावलंय तुम्ही?"

आता तिला काय सांगणार? बिघडलंय म्हणून सांगण्याजोगं दुसरं काही शिल्लकच नव्हतं घरात.