मावशींची भाऊबीज

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना दर दिवाळीला एक साडी दिली जाते. बहुतेक वेळा ती आईला कुणीतरी आहेरात दिलेली आणि तिला न आवडलेली असते. गेल्या दिवाळीत मी ठरवलं, साडी थेट विणकराकडून घ्यायची, तीही मावशींना विचारून. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे एवढं विचारायलाही बरेच दिवस गेले.

"मावशी, हातमागाची साडी आणणार आहे. रंग कुठला आणू?"

"आणा की कसला बी. कपाट भरलंय साड्यांनी." मग त्यांनी नळ बंद केला. "खरं सांगू का ताई? साडी नको. भाऊबीजेला सुट्टी द्या. आटपाडीला भाऊ हाय माझा. तुमच्याकडं पावणे असत्यात, मग माझं जाणंच हुत न्हाई."

जेवताना मी आईला हे सांगितलं.

"आणि त्या दिवशीची भांडी?"

"मी घासेन."

"तू? स्वतःचा चहाचा कप तरी विसळतेस का?"

सगळे हसले. मीही हसले, पण माघार घेतली नाही.

भाऊबीजेला मावशी सकाळच्या एसटीनं गेल्या. पाहुणे जेवून उठल्यावर मी मोरीत बसले. तळणीची कढई काही केल्या निघेना, तेव्हा आई पदर खोचून शेजारी येऊन बसली. तिनं कढई माझ्या हातातून घेतली आणि घासायला लागली.

"पुढच्या वर्षी तिला आदल्या दिवशीच सोडू," ती म्हणाली. "भाऊबीजेला एसटीत उभं राहायलाही जागा नसते."